संग्रहालय फुकट, किल्ल्याला तिकीट : ब्रिटनमधील एका विसंगतीची पार्श्वभूमी

लंडनमध्ये ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी किंवा व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या कायमस्वरूपी दालनांत कोणालाही एक पेनीही न मोजता दिवसभर हिंडता येते. मात्र टॉवर ऑफ लंडन, स्टोनहेंजची शिळावर्तुळे किंवा एखाद्या उमरावाचा जुना प्रासाद पाहायचा असेल, तर तिकीट काढावे लागते आणि ते चांगलेच महाग असते. भारतातून गेलेल्या पर्यटकाला हा फरक एखाद्या सुविचारित धोरणाचा भाग वाटू शकतो. वास्तविक त्यामागे एक धोरण असे कधीच नव्हते. संग्रह आणि वास्तू ज्या वेगवेगळ्या वाटांनी जनतेच्या ताब्यात आल्या, त्या वाटांवरच कोणाच्या दाराशी तिकीटखिडकी असेल हे बरेचसे ठरून गेले.

संग्रहालयांची वाट सुरू होते ती सर हॅन्स स्लोन या वैद्याच्या मृत्युपत्रापासून. १७५३ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांच्याकडे सुमारे ७१,००० वस्तूंचा संग्रह होता. वारसांना २०,००० पौंड द्यावेत आणि हा संग्रह राष्ट्राने घ्यावा, अशी त्यांची इच्छा होती. सरकारी तिजोरीतून एवढी रक्कम देण्यास राजा व मंत्री फारसे उत्सुक नव्हते, म्हणून संसदेने कायदा करून सोडत काढली. प्रत्येकी ३ पौंडांची एक लाख तिकिटे विकली गेली, बक्षिसांपोटी दोन लाख पौंड गेले आणि उरलेल्या रकमेचा बराच भाग ब्रिटिश म्युझियमच्या उभारणीच्या कामी आला. सोडतीच्या व्यवहारात अफरातफरही झाली. थोडक्यात, जगातील एक नामांकित ज्ञानसंस्था जुगाराच्या पैशावर उभी राहिली. पुढे १९९४ मध्ये राष्ट्रीय लॉटरी सुरू झाल्यावर तिच्या उत्पन्नातील एक वाटा वारसा जतनासाठी राखून ठेवण्यात आला, तेव्हा ब्रिटनने ही जुनी युक्ती नव्याने वापरली एवढेच.

१५ जानेवारी १७५९ रोजी ब्लूम्सबरीतील माँटेग्यू हाऊसमध्ये संग्रहालय उघडले. ‘अभ्यासू व जिज्ञासू’ अशा सर्वांना प्रवेश विनामूल्य होता, पण विनामूल्य याचा अर्थ मोकळा असा नव्हता. आधी लेखी अर्ज करायचा, प्रवेशपत्राची वाट पाहायची आणि मग लहानशा तुकडीत, अधिकाऱ्याच्या मागोमाग फिरायचे, अशी पद्धत होती. बर्मिंगहॅमचे विल्यम हटन यांनी १७८४ मध्ये जवळजवळ दोन शिलिंग देऊन दुसऱ्याकडून असे प्रवेशपत्र विकत घेतले आणि सुमारे अर्ध्या तासात त्यांना सगळ्या दालनांतून पिटाळत नेण्यात आले. त्यांची ती तक्रार आजही उद्धृत केली जाते. अर्ज करायला सवड नसलेल्या, लिहिता न येणाऱ्या किंवा अंगावर बरे कपडे नसलेल्या माणसाला फुकट दाराचा फारसा उपयोग नव्हता. त्याच काळात टॉवर ऑफ लंडनमध्ये मात्र चार पैसे मोजून कोणालाही राजाचे सिंह पाहता येत. तेव्हा सामान्य माणसाच्या दृष्टीने यांतले खरे सार्वजनिक ठिकाण कोणते, असा प्रश्न पडतो.

एकोणिसाव्या शतकात चित्र बदलले. १८२४ मध्ये सरकारने जॉन ज्यूलियस अँगरस्टाइन यांच्या संग्रहातील ३८ चित्रे ५७,००० पौंडांना घेतली आणि त्यांतून नॅशनल गॅलरी उभी राहिली. १८३८ मध्ये ती ट्रॅफल्गार चौकातील नव्या इमारतीत आली. पश्चिमेकडून बग्गीत येणारे धनिक आणि पूर्वेकडून पायी येणारे गरीब या दोघांनाही ही जागा सोयीची पडेल, असा त्यामागचा विचार होता. १८४५ च्या कायद्याने दहा हजारांवर वस्ती असलेल्या नगरांना संग्रहालयासाठी अर्ध्या पेनीचा कर बसवण्याची मुभा मिळाली. पुढे मँचेस्टर, लिव्हरपूल, ग्लासगो अशा औद्योगिक शहरांत नगरपालिकांची मोठी संग्रहालये दिसू लागली. ग्लासगोचे १९०१ मध्ये उघडलेले केल्व्हिनग्रोव्ह हे त्यांतले सर्वपरिचित उदाहरण होय.

कामगाराला संग्रहालयाची दारे खऱ्या अर्थाने उघडली ती लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागातील संग्रहालयाने, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. लंडनमधील १८५१ च्या महाप्रदर्शनाला साठ लाखांवर भेटी झाल्या. त्यातून उरलेल्या सुमारे १,८६,००० पौंडांच्या शिलकेतून त्या भागातील जमीन घेण्यात आली आणि १८५७ मध्ये तेथे संग्रहालय (आजचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट) सुरू झाले. त्याचे चालक हेन्री कोल यांनी दालनांत वायुदिवे लावून संध्याकाळीही प्रवेश सुरू केला, कारण दिवसभर राबणाऱ्याला दुपारचा फुकट प्रवेश काय कामाचा? येथेही सगळे दिवस सारखे नव्हते. सोमवार, मंगळवार व शनिवार मोफत असत, तर मधले तीन दिवस विद्यार्थ्यांसाठी राखलेले असून इतरांना सहा पेन्स पडत. रविवारचा प्रश्न तर याहून चिवट निघाला. धर्मनिष्ठांच्या विरोधामुळे आठवड्याच्या एकुलत्या सुट्टीच्या दिवशी राष्ट्रीय संग्रहालये बंद राहत आणि १८९६ मध्ये संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने ठराव केल्यावरच ती कोंडी फुटली.

ईस्ट इंडिया कंपनीच्या इंडिया म्युझियममधील पुष्कळ वस्तूही १८७९-८० च्या सुमारास साउथ केन्सिंग्टनमध्ये आल्या. श्रीरंगपट्टणची लूट म्हणून नेलेला टिपूचा लाकडी वाघ त्यांपैकीच एक आहे. छत्रपती शिवाजी महाराजांशी नाव जोडली गेलेली वाघनखे मात्र ग्रँट डफच्या घराण्याकडून या संग्रहालयात आली. ती २०२४ मध्ये साताऱ्यात प्रदर्शनासाठी आणली गेली, तेव्हा ती महाराजांनीच वापरलेली असल्याचा पुरावा नाही, हेही संग्रहालयाने स्पष्ट केले होते.

किल्ले, भग्नावशेष आणि वाडे यांची कथा वेगळी आहे, कारण ते कोणाच्या तरी मालकीचे होते आणि मालकाच्या इच्छेवाचून तेथे पाऊल टाकता येत नव्हते. खासदार जॉन लबक यांच्या प्रयत्नांतून १८८२ मध्ये प्राचीन स्मारकांच्या संरक्षणाचा पहिला कायदा झाला खरा, पण मालकाने आपणहून संमती दिली तरच तो लागू पडे. मालमत्तेच्या हक्काला हात लावायला संसद तयार नव्हती. स्टोनहेंजचे उदाहरण बोलके आहे. १९०० च्या अखेरच्या दिवशी तेथील एक उभी शिळा कोसळली. जागेचे मालक सर एडमंड अँट्रोबस यांनी पुढच्या वर्षी तारेचे कुंपण घालून एक शिलिंग प्रवेशशुल्क सुरू केले. लोक संतापले, प्रकरण न्यायालयात गेले आणि १९०५ मध्ये निकाल मालकाच्या बाजूने लागला. १९१५ च्या सप्टेंबरात सॉल्झबरीतील लिलावात सेसिल चब यांनी ही जागा ६,६०० पौंडांना घेतली आणि १९१८ मध्ये राष्ट्राला देऊन टाकली. देताना त्यांनी शुल्क एका शिलिंगाहून जास्त असू नये, अशी अट घातली, शुल्कच नसावे अशी नव्हे. म्हणजे दानपत्रातच तिकीट गृहीत धरले होते. परिसरातील रहिवाशांना आजही तेथे मोफत प्रवेश आहे. शिलिंगाची मर्यादा मात्र केव्हाच इतिहासजमा झाली.

१८९५ मध्ये ऑक्टेव्हिया हिल, रॉबर्ट हंटर आणि हार्डविक रॉन्सली यांनी नॅशनल ट्रस्ट स्थापन केली, ती मुख्यतः शहरातल्या माणसाला मोकळी हवा मिळावी म्हणून. पुढच्याच वर्षी अल्फ्रिस्टन येथील पाद्र्यांचे जुने घर तिने अवघ्या १० पौंडांत घेतले. संस्थेचे आजचे रूप घडले ते पहिल्या महायुद्धानंतर, मृत्युकर (वारशाने मिळणाऱ्या मालमत्तेवरचा कर) वाढत गेला आणि उमरावांना प्रासाद सांभाळणे अशक्य झाले तेव्हा. १९३७ च्या कायद्याने वाडा ट्रस्टच्या नावे करून त्याच वाड्यात राहण्याची सोय मालकाला मिळाली; बदल्यात ठरावीक दिवशी लोकांना आत घ्यायचे. काहींनी ट्रस्टकडे न जाता स्वतःच दार उघडले. लाँगलीट या प्रासादाचे मालक लॉर्ड बाथ यांनी १९४९ मध्ये अर्धा क्राउन (अडीच शिलिंग) आकारून सुरुवात केली आणि इतर अनेकांनी त्यांचा कित्ता गिरवला. छपराच्या दुरुस्तीचा खर्च निघावा म्हणूनच जिथे दार उघडले, तिथे तिकीट नसणे कसे शक्य होते? सरकारच्या ताब्यातील किल्ले व मठ १९८३ च्या कायद्यानंतर इंग्लिश हेरिटेज या सरकारी संस्थेकडे आले आणि २०१५ मध्ये त्यांचे काम एका धर्मादाय संस्थेकडे सोपवताना सरकारने ८ कोटी पौंड देऊन यापुढे आपल्या पायावर उभे राहावे, असे सुचवले. साहजिकच सदस्यत्व व तिकीट हाच त्यांचा मुख्य आधार झाला.

संग्रहालयांचे विनामूल्य असणेही निर्वेध राहिले नाही. एडवर्ड हीथ यांच्या हुजूर पक्षाच्या सरकारने १ जानेवारी १९७४ पासून राष्ट्रीय संग्रहालयांना शुल्क लावले. या धोरणाचे पुरस्कर्ते लॉर्ड एकल्स हे आधी ब्रिटिश म्युझियमच्या विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष होते, हे येथे नमूद करावेसे वाटते. फेब्रुवारीतील निवडणुकीनंतर मजूर पक्षाने मार्चअखेर शुल्क उठवले. थॅचर काळात अनुदान आवळले गेले, तेव्हा व्हिक्टोरिया अँड अल्बर्टने १९८५ मध्ये ‘ऐच्छिक’ देणगी मागायला सुरुवात केली, तर नॅचरल हिस्ट्री म्युझियमने १९८७ मध्ये सरळ तिकीट लावले. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी आणि टेट गॅलरी यांनी नकार दिला. नकार देणाऱ्यांना शिक्षा झाली ती कराच्या नियमांतून. तिकीट विकणारे संग्रहालय व्यवसाय करते म्हणून त्याला मूल्यवर्धित कराचा परतावा मिळे, तर मोफत संग्रहालयाला तो मिळत नसे. उदारपणा असा दुहेरी महाग पडत होता. संस्कृतिमंत्री क्रिस स्मिथ यांच्या काळात १९९९ मध्ये मुलांना व पुढच्या वर्षी ज्येष्ठांना शुल्कमाफी मिळाली, २००१ मध्ये आठवड्यातून किमान ३० तास मोफत खुल्या राहणाऱ्या संग्रहालयांना हा परतावा देण्याची तरतूद झाली आणि त्याच वर्षी १ डिसेंबरपासून सर्वांसाठी दारे उघडली. वेल्सने हे पाऊल एप्रिलमध्येच उचलले होते. पूर्वी शुल्क घेणाऱ्या संग्रहालयांतील वार्षिक भेटी सुमारे ७२ लाखांवरून दहा वर्षांत जवळजवळ १ कोटी ८० लाखांवर गेल्या. यांत नवी माणसे किती आणि पुन्हा पुन्हा येणारी शिकली-सवरलेली मंडळी किती, हा मुद्दा या आकड्याने सुटत नाही.

ही सवलत केवळ राष्ट्रीय संस्थांच्या कायम संग्रहापुरती आहे. विशेष प्रदर्शनांना तिकीट असते आणि अनुदान आटलेल्या नगरपालिकांनी आपापले मार्ग शोधले आहेत. ब्रायटनने २०१५ मध्ये बाहेरच्यांना शुल्क लावून स्थानिकांना मोफत ठेवले. परदेशी पर्यटकांकडून पैसे घ्यावेत, ही सूचना राष्ट्रीय पातळीवरही वारंवार पुढे येते. २०२४ मध्ये ब्रिटिश म्युझियमचे हंगामी संचालक राहिलेले मार्क जोन्स यांनी २० पौंडांचा आकडाही मांडला. या सूचनेला होणारा सर्वांत व्यावहारिक आक्षेप असा, की या देशात नागरिकांना ओळखपत्र बाळगण्याची सक्ती नाही. परदेशी कोण हे ठरवायचे तर दारात प्रत्येकालाच थांबवून कागद मागावा लागेल, आणि प्रवेशापूर्वीची अशी छाननी ब्रिटिश म्युझियमने दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच सोडून दिली आहे.