नोटेवर गावाचं नाव

एकाच मालिकेतल्या, एकाच दर्शनी किमतीच्या दोन जुन्या अमेरिकन ‘नॅशनल बँक नोटा’. एक शे-दोनशे डॉलरला मिळते, दुसरीला कित्येक हजार मोजावे लागतात. फरक फक्त मधोमध छापलेल्या बँकेच्या आणि गावाच्या नावाचा.

याचं मूळ यादवी युद्धात आहे. त्याआधी राज्यांच्या परवान्यावर चालणाऱ्या शेकडो बँका आपापल्या नोटा काढत. परगावची नोट आली की दुकानदार बट्टा कापायचा. खरी की बनावट, हे ताडायला गल्ल्यापाशी छापील पुस्तिका असायची. युद्धासाठी पैसा हवा होता तेव्हा अर्थमंत्री सॅल्मन चेस यांनी दोन्ही दुखण्यांवर एकच औषध काढलं. १८६३ च्या कायद्यानुसार केंद्राचा परवाना घेतलेल्या ‘नॅशनल’ बँकेने सरकारी रोखे घेऊन सरकारकडेच तारण ठेवायचे आणि त्यांच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत आपल्या नावाच्या नोटा घ्यायच्या. बँक बुडाली तरी नोट बुडणार नव्हती. राज्य बँकांच्या नोटांवर मग १० टक्के कर बसला आणि त्या चलनातून गेल्या.

नक्षी देशभर एकच, नाव मात्र ज्या त्या बँकेचं. नोटा गावी पोचायच्या त्या न कापलेल्या तावांत, सह्यांविना. अध्यक्ष आणि कॅशियर टाकाने सह्या करत, मग कात्री चाले. म्हणून कडा वाकड्या आणि कित्येक सह्या आज विटून गेलेल्या. पुढे रबरी शिक्के आले, तिथे मजा गेली. कॅशियर बाई असेल तर संग्राहक आवर्जून जास्त मोजतात.

खेड्यांची खरी भर पडली १९०० नंतर. तीन हजारांपर्यंत वस्तीच्या गावात बँकेला लागणारं किमान भांडवल ५० हजारांवरून २५ हजार डॉलरवर आलं. १९३५ मध्ये तारणाचे रोखे सरकारने फेडले आणि या नोटा थांबल्या. तोवर बारा हजारांहून जास्त बँकांनी त्या काढल्या होत्या.

फाटक्या-मळक्या नोटा वॉशिंग्टनला परत जाऊन नष्ट होत. छोट्या बँकेने मुळात थोड्याच काढलेल्या, त्यामुळे काहींची एकही नोट आज माहीत नाही. वय इथे फारसं कामाचं नाही. १९२९ ची नोटही दुर्मीळ असू शकते. आणि १८८९ आधीची, म्हणजे डाकोटाला राज्याचा दर्जा मिळण्यापूर्वीची, राज्याऐवजी ‘डाकोटा टेरिटरी’ छापलेली नोट निघाली, तर सामान्य छंदिष्टाने लिलावात हात वर न केलेलाच बरा.