काच तडकली! ॲनीलिंग कमी पडलं की काचाच जुळल्या नाहीत?

काचेचे तुकडे भट्टीत एकत्र वितळवून (याला फ्यूजिंग म्हणतात) प्लेट केली, भट्टी उघडली आणि प्लेटचे दोन तुकडे दिसले की ज्याला विचारावं तो सांगतो, ॲनीलिंग (काच ठरलेल्या तापमानाला थांबवून मग हळू थंड करणं) कमी पडलं, पुढच्या वेळी तासभर जास्त ठेव. कधीकधी खरंच तसं असतं. पण तडा दोन काचा न जुळल्यामुळे गेला असेल तर तास काय, दोन दिवस ठेवलं तरी काही होत नाही, नुसतं लाइट बिल वाढतं.

ॲनीलिंगमध्ये भानगड वेगाची असते. काच थंड होताना बाहेरून आधी गार होते, आतला भाग गरमच राहतो, आणि बाहेरचं घट्ट झाल्यावर आतलं आकसायला लागलं की ओढाताण सुरू. म्हणून ठरलेल्या तापमानाला थांबायचं आणि मग हळू उतरवायचं. फ्यूजिंगची काच बनवणाऱ्या बुल्सआय कंपनीचा तक्ता ६ मिमी जाडीला ४८२ अंश सेल्सिअसला १ तास आणि तिथून ४२७ पर्यंत ताशी ८३ अंश सांगतो, १२ मिमी झाली की २ तास आणि ताशी ५५. जाडी कमीजास्त असेल, म्हणजे टॅक फ्यूजचं (तुकडे पूर्ण न वितळवता नुसते चिकटवायचं) काम असेल, तर सगळ्यात जाड भागाच्या दुप्पट जाडी धरून चालतात.

न जुळण्यात वेगाचा काही संबंधच नाही. दोन काचा एकत्र वितळल्या, चिकटल्या, आणि थंड होताना एक जास्त आकसली दुसरी कमी, मग कितीही सावकाश उतरवा, ताण राहणारच. सीओई (तापल्यावर काच किती फुगते, गार झाल्यावर किती आकसते त्याचा आकडा) ९० आणि सीओई ९६ मिसळू नका म्हणतात ते यासाठीच. आणि माझं स्पष्ट मत, नुसत्या त्या आकड्यावर विसंबू नका, कारण तो साधारण २० ते ३०० अंशांमधली सरासरी असते, त्याच्या वर काच किती घट्ट-पातळ राहते हेही जुळावं लागतं. खिडकीची काच आणि बाटल्या तर लॉटरीच, दोन बाटल्या दिसायला सारख्या असल्या तरी जुळतीलच असं नाही.

आता तडा नीट बघा. रंगाच्या कडेकडेनेच फिरला असेल, म्हणजे निळा गोल आहे आणि तडा त्या गोलाभोवती, तर संशय न जुळण्यावर. रंगांची पर्वा न करता आरपार वळणं घेत गेला आणि टोकाला हुकासारखा वळला, तर ॲनीलिंगवर. तड्याच्या कडा गोल, गुळगुळीत झाल्या असतील तर दोन्ही नाही, ती काच गरम होतानाच फुटली, चढवायचा वेग कमी करा. अर्थात नुसत्या नजरेने शंभर टक्के खात्री होत नाही.

खात्रीसाठी टेस्ट करा. पारदर्शक काचेची एक पट्टी घ्या, वर संशयित काचेचा छोटा तुकडा ठेवा, आणि शेजारी त्याच पारदर्शक काचेचे तुकडे तेवढ्याच जाडीचे एकावर एक, रंग अजिबात नाही. दोन्ही एकाच फायरिंगमध्ये फुल फ्यूज करून (पूर्ण वितळवून एकजीव करून) नीट ॲनील करा. पूर्ण गार झाल्यावर दोन पोलरायझिंग फिल्म (उजेडाची एकाच दिशेची कंपनं जाऊ देणाऱ्या) आडव्या-उभ्या धरून मधे काच ठेवून बघा (लॅपटॉपची पांढरी एलसीडी स्क्रीन आणि पोलराइज्ड गॉगल असला तरी काम होतं, गॉगल फिरवत फिरवत स्क्रीन काळी होईपर्यंत आणायचा). रंगीत तुकड्याभोवती उजेडाची कड दिसली आणि शेजारची साधी काच काळीच राहिली, तर काचा जुळत नाहीत. साध्या काचेतही उजेड दिसला तर आधी ॲनीलिंग सुधारा, तोवर रंगाबद्दल काहीच ठरवता येत नाही. ही साधी काच बरेच जण ठेवतच नाहीत आणि मग बिचाऱ्या रंगाला नावं ठेवतात.

ॲनीलिंगचा ताण असेल आणि अजून तडा गेला नसेल तर तीच वस्तू परत हळू तापवून, नीट थांबून उतरवता येते. न जुळणारी असेल तर आज अख्खी दिसली तरी ती कधीही फुटू शकते, कोणाला भेट देऊ नका. आणि उरलेल्या तुकड्यांच्या डब्यांवर लेबल लावा, कारण सीओईचे तुकडे एकदा मिसळले की बघून वेगळे करता येत नाहीत.