‘वय निघून गेलं’ म्हणजे नेमकं कुठलं?

लातुरात क्लासबाहेर लेकरासाठी थांबलेले बाप हमखास म्हणतात, “आपलं काय राहिलंय आता, वय निघून गेलं.” हा समज येतो सरकारी भरतीतून. राज्याच्या भरतीत कमाल वय खुल्या वर्गाला साधारण ३८, मागासवर्गीयांना ४३. पण ती अट नोकरीची. शिक्षणाची नव्हे, धंद्याची तर नव्हेच.

नाशिकच्या मुक्त विद्यापीठात बी.ए.ला कमाल वयाची अट नाही. डॉक्टरकीच्या प्रवेशाच्या ज्या ‘नीट’ परीक्षेपायी बाप उन्हात उभा आहे, तिचीही कमाल वयोमर्यादा २०२२ मध्ये उठली. (बापलेक एकाच वर्षी परीक्षेला बसू शकतात; पोरगं लाजेल, तो भाग वेगळा.) पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातून कर्ज काढून डाळमिल टाकायला किमान १८ वर्षं लागतात, कमाल मर्यादा नाहीच. बँकवाले मात्र हप्ते कसे फेडणार, हे विचारतातच.