फियाट ५०० मधील इंजिन-बदल

इटलीच्या फियाट कंपनीने १९५७ ते १९७५ या काळात बनविलेल्या ‘५००’ या छोट्या मोटारीचे मूळ इंजिन काढून त्या जागी अधिक क्षमतेचे, बहुधा त्याच कंपनीच्या ‘१२६’ या मोटारीचे इंजिन बसविण्याची प्रथा. मुंबईच्या टॅक्सीमुळे ‘फियाट’ म्हणताच मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर जी गाडी येते, ती फियाटच्याच ‘११००’ या मोटारीची वंशज असून तिचे चार सिलिंडरांचे इंजिन पुढे असते. ५०० चे इंजिन मात्र मागे, दोन सिलिंडरांचे आणि हवेने थंड होणारे आहे.

फियाटचे अभियंते दान्ते जाकोसा यांनी आखलेल्या या गाडीचे पहिले इंजिन ४७९ सीसी क्षमतेचे आणि जेमतेम १३ अश्वशक्तीचे होते. १९६० च्या ‘डी’ मॉडेलपासून क्षमता ४९९ सीसी झाली, तरी चढावर किंवा चार माणसे बसल्यावर गाडीची दमछाक होतच राहिली. शर्यतीच्या गाड्या घडविणारे कार्लो आबार्थ यांच्या कारखान्याने ही उणीव हेरली आणि १९६३ मध्ये ५९५, तर पुढच्याच वर्षी ६९५ ही वाढीव क्षमतेची रूपे बाजारात आणली. मागचे झाकण किंचित उघडे ठेवून इंजिनाला अधिक हवा देण्याची त्यांची युक्ती आजही अनेक गाड्यांवर दिसते. ज्यांच्या इंजिनाला तिची गरजच नाही अशा गाड्याही तिला अपवाद नाहीत.

सध्याच्या प्रथेचे मूळ मात्र शर्यतीच्या मैदानात नसून १९७२ मध्ये आलेल्या १२६ या मोटारीत आहे. तिच्या इंजिनाची रचना ५०० च्याच इंजिनावरून घेतलेली होती : ७० मिमी.चा स्ट्रोक (दट्ट्या वर-खाली सरकण्याचे अंतर) कायम ठेवून बोअर (सिलिंडराचा व्यास) प्रथम ७३.५ मिमी. (५९४ सीसी) आणि १९७७ मध्ये ७७ मिमी. (६५२ सीसी, सुमारे २४ अश्वशक्ती) करण्यात आला. परिणामी हे इंजिन ५०० च्या गिअरबॉक्सला फारशी काटछाट न करता जोडता येते. खुद्द फियाटनेही ५०० च्या अखेरच्या ‘आर’ मॉडेलमध्ये ५९४ सीसीचे, मुद्दाम शक्ती कमी केलेले इंजिन बसविले होते. त्यामुळे या बदलाला परका म्हणणे कठीण आहे. शिवाय पोलंडमध्ये १२६ चे उत्पादन २००० सालापर्यंत चालू राहून तेथे ३३ लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या, म्हणून इंजिने व सुटे भाग यांची ददात पडली नाही.

इंजिन जागेवर बसले म्हणजे काम संपले असे मात्र नाही. ५०० च्या गिअरबॉक्समध्ये सिंक्रोमेश (गिअरचा वेग आपोआप जुळवणारी रचना) नसल्याने गिअर बदलताना डबल क्लच, म्हणजे क्लच दोनदा दाबून वेग जुळवणे, करावा लागतो. त्यामुळे बरेच जण १२६ चा गिअरबॉक्सही घेतात. त्यात पहिला सोडून बाकीच्या गिअरना सिंक्रोमेश असते. त्याचे अंतिम गुणोत्तर (चाकांना फिरविणाऱ्या शेवटच्या दातेरी चाकांच्या दातांचे प्रमाण) ४१:८ ऐवजी ३९:८ असल्याने त्याच वेगाला इंजिन कमी फिरते आणि मोठ्या इंजिनाचा खरा लाभ तेथेच मिळतो. थंड करणारा पंखा डायनामोच्या दांड्यावर असून तो पट्ट्याने फिरतो. पट्टा सैल असेल किंवा सिलिंडरांभोवतीच्या पत्र्याच्या आवरणात फट राहिली असेल, तर वाढलेली उष्णता बाहेर पडत नाही. म्हणून अनुभवी मेकॅनिक कार्ब्युरेटरला हात लावण्याआधी ही आवरणे तपासतात. तेलासाठी मोठी, उष्णता बाहेर टाकण्यासाठी पातळ पट्ट्या काढलेली ॲल्युमिनियमची टाकी बसविणेही रूढ आहे. ब्रेककडे होणारे दुर्लक्ष ही या प्रथेतील सर्वांत वाईट सवय होय : मूळ ड्रम ब्रेक १३ ते १८ अश्वशक्तीच्या, पाचशे किलोंच्या आसपास वजन असलेल्या गाडीसाठी होते.

पाण्याने थंड होणारी मोठी इंजिने किंवा मोटारसायकलची इंजिनेही काहींनी बसविली आहेत. तेथे मागचा सांगाडा कापावा लागतो आणि रेडिएटरसाठी जागा शोधावी लागते. असे वाहन ५०० चे रूप ल्यायलेली वेगळीच गाडी ठरते.

इटलीत इंजिनाचा प्रकार वाहनाच्या नोंदणीपत्रात नमूद असतो आणि वाहतूक संहितेच्या कलम ७८ नुसार अशा बदलासाठी मोटार वाहन कार्यालयाची तपासणी लागते. म्हणून जाणता ग्राहक आधी ब्लॉकवर (इंजिनाच्या मुख्य सांगाड्यावर) ठोकलेला संकेत पाहतो : ५०० च्या ‘एफ’ मॉडेलच्या मूळ इंजिनावर तो ११० ने, तर १२६ च्या इंजिनावर १२६ ने सुरू होतो. संग्राहकांच्या बाजारात मूळ इंजिनाच्या गाडीला अधिक मान असल्याने अनेक मालक काढलेले इंजिन जपून ठेवतात.