बांधावर उघडणारा फोल्डर

पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या, शेतात ओलावा मोजणारा सेन्सर बसवायचा असेल, तर त्याचा प्रोग्राम घरी बसून पुरा होत नाही. विदर्भातली काळी जमीन ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते. नेमकी सेन्सरच्या पात्याजवळ भेग पडली, तर तो मातीऐवजी हवाच मोजू लागतो, आणि आर्डुइनो ऊनो या छोट्या प्रोग्राम करता येणाऱ्या बोर्डावर ० ते १०२३ या पट्टीत येणारा आकडा एकाएकी बदलतो. मोटार कोणत्या आकड्याला सुरू करायची, हे म्हणून त्याच वावरात, पाण्याच्या दोन-चार पाळ्या पाहिल्यावर ठरवावे लागते. लॅपटॉप बांधावर न्यायचा, पण तेथे नेट मिळेलच असे नाही. अशा वेळी प्रोग्राम लिहिण्याचे सारे साहित्य एका फोल्डरात घेऊन फिरता येणे फार सोयीचे ठरते.

हे साहित्य म्हणजे नेमके काय, ते आधी पाहू. ऊनोवरील अॅटमेगा ३२८पी या चिपमध्ये प्रोग्रामसाठी ३२ किलोबाइट जागा असते आणि चालू कामासाठीची रॅम अवघी २ किलोबाइट. एवढ्या जागेत कंपायलर, म्हणजे आपण लिहिलेल्या प्रोग्रामच्या यंत्राला समजणाऱ्या आज्ञा करणारे सॉफ्टवेअर, मावणे शक्यच नसल्याने तो लॅपटॉपवर चालतो. मात्र तो तयार करतो त्या आज्ञा लॅपटॉपच्या प्रोसेसरला समजणाऱ्या नसतात, तर चिपला समजणाऱ्या असतात. याला क्रॉस-कंपायलर म्हणतात. त्याच्या जोडीला लायब्ररी, म्हणजे आधीच लिहून ठेवलेले प्रोग्रामचे तुकडे, लागतात, तयार झालेली फाइल यूएसबीमार्गे चिपमध्ये उतरवणारा अपलोडर लागतो आणि त्या बोर्डाची माहिती देणाऱ्या फाइली लागतात. अडचण अशी की नेहमीच्या पद्धतीने इन्स्टॉल केल्यास हे सगळे एका जागी राहत नाही. ईएसपी३२ सारख्या बोर्डाचे पॅकेज तर विंडोजमध्ये वापरकर्त्याच्या एका लपलेल्या फोल्डरात जाऊन बसते, आणि पेनड्राइव्हवर फक्त मुख्य फोल्डर नेणाऱ्याला ते दुसऱ्या संगणकावर सापडत नाही.

आर्डुइनो आयडीई, म्हणजे हे प्रोग्राम लिहिण्याचे सॉफ्टवेअर, त्याच्या १.८ मालिकेत यावर सोपा उपाय आहे. इन्स्टॉलरऐवजी झिप उतरवून घ्यावी, ती उघडावी आणि मुख्य फोल्डरात ‘पोर्टेबल’ नावाचा रिकामा फोल्डर इंग्रजी लहान अक्षरांत तयार करावा. त्यानंतर घेतलेले बोर्ड, लायब्ररी, स्केच (आपण लिहिलेले प्रोग्राम) आणि सेटिंग्ज असे सगळे त्यातच साठते. ऊनोचा कंपायलर झिपमध्येच असतो; ईएसपी३२ चे पॅकेज मात्र शेकडो मेगाबाइटचे असल्याने ते तालुक्याला, चांगल्या नेटवर, एकदाच घेऊन ठेवावे. नव्या २.० मालिकेत ही युक्ती चालत नाही, म्हणून दिसायला जुनाट असली तरी या कामासाठी मी १.८.१९ हीच आवृत्ती ठेवली आहे.

तरीही एका गावातल्या शाळेत माझा फोल्डर अडला. साधा दिवा लुकलुकवणारा प्रोग्रामसुद्धा कंपाइल होईना आणि चूक दाखवणाऱ्या ओळीत प्रश्नचिन्हांची रांग दिसे. त्या संगणकावर वापरकर्त्याचे नाव देवनागरीत होते. फोल्डर माझा असला तरी कंपाइल होतानाच्या तात्पुरत्या फाइली विंडोजच्या टेम्प फोल्डरात, म्हणजे त्या देवनागरी नावाच्या आत तयार होत होत्या, आणि कंपायलरला तो पत्ता वाचता येत नव्हता. मातृभाषेत नाव देण्याची ही शिक्षा मला आजही पटत नाही. उपाय तीन ओळींचा निघाला: एका बॅच फाइलमध्ये, म्हणजे विंडोजच्या आज्ञा लिहिलेल्या फाइलीत, तात्पुरत्या फाइलींची जागा ठरवणाऱ्या टीएमपी आणि टेम्प या दोन्ही चलांना साधा इंग्रजी पत्ता द्यायचा आणि मग तिच्यातूनच आयडीई सुरू करायचा.

फोल्डरात घालून नेता येत नाही अशी गोष्ट म्हणजे ड्रायव्हर, म्हणजे जोडलेला बोर्ड विंडोजला ओळखू देणारे सॉफ्टवेअर. स्वस्त बोर्डांवर बहुधा सीएच३४० ही यूएसबी चिप असते. विंडोज तिचा ड्रायव्हर नेटवरून शोधू पाहते आणि नेट नसेल तर बोर्डाला पोर्टच मिळत नाही. त्याचा इन्स्टॉलर जवळ ठेवावा, आणि संगणक दुसऱ्याचा असेल तर अॅडमिनचा पासवर्ड कोणाकडे आहे हे निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे. रास्पबेरी पाय पिको या दुसऱ्या छोट्या बोर्डाला ही कटकट नाही, कारण बूटसेल बटण दाबून जोडल्यास तो पेनड्राइव्हसारखा दिसतो आणि तयार फाइल त्यावर नुसती टाकली तरी पुरते.

लिनक्ससाठी वेगळा फोल्डर लागतो. तो फॅट३२ या फाइल साठवण्याच्या पद्धतीच्या पेनड्राइव्हवरून थेट चालवू नये, कारण फाइल चालवण्याची परवानगी त्या पद्धतीत नोंदलीच जात नाही. सगळे कॉम्प्रेस केलेली एकच फाइल न्यावी आणि होम फोल्डरात उघडावी. विंडोजवरही हेच बरे, कारण हजारो बारीक फाइली एकेक करून पेनड्राइव्हवर उतरवायला फार वेळ जातो. लिनक्सवर पोर्ट उघडत नसेल तर वापरकर्ता, पोर्ट वापरण्याची परवानगी असलेल्या डायलआउट गटात आहे का, ते आधी पाहावे.

निघण्यापूर्वीची चाचणी अशा संगणकावर घ्यावी, ज्यावर आर्डुइनो कधीच नव्हते, आणि तीही नेट बंद करून. शिवाय फोल्डरात एक साधी मजकूर फाइल ठेवून तीत लायब्ररींच्या आवृत्त्या आणि प्रत्येक वावराचा कोरडा व ओला आकडा तारखेसह लिहावा. माझ्या फाइलीत एकाच विहिरीवरच्या दोन धुऱ्यांचे आकडे वेगळे आहेत.