गुळाची पट्टी, सत्तर अक्षरं आणि ओपन सोर्स

गुळाचा आडत्या, गांधीनगरचा कापड व्यापारी, उद्यमनगरातला कारखानदार, गावोगावच्या दूध संस्था: या सगळ्यांना बिलिंगचं सॉफ्टवेअर लिहून देणारी दोन-चार माणसांची ऑफिसं कोल्हापुरात बरीच आहेत. बिल झालं की ग्राहकाच्या मोबाईलवर मेसेज जायला हवा, ही मागणी आता ठरलेलीच. त्यासाठी एखादी ओपन सोर्स लायब्ररी, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेलं तयार सॉफ्टवेअर, इन्स्टॉल केली जाते आणि मालक हमखास विचारतात, ‘लायब्ररी फुकटची म्हणताय, मग मेसेजला पैसे कसले?’

प्रश्न रास्त आहे, पण उत्तर द्यायला जरा मागे जावं लागतं.

पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये व्होडाफोनच्या नेटवर्कवरून गेला. एका मेसेजला जागा १४० बाइटची. रोमन लिपीत तेवढ्यात १६० अक्षरं बसतात, देवनागरीत फक्त ७०. आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. आडत दुकानातून शेतकऱ्याला जाणारा हा साधा मजकूर घ्या (रवा म्हणजे गुळाची ढेप, पट्टी म्हणजे विक्रीचा हिशेब): ‘४२ रव्यांचा सौदा झाला. पट्टी तयार आहे. हमाली-तोलाई वजा करून रक्कम बँकेत जमा.’ वाचायला एवढासा, पण मोजला तर ७६ भरतो. म्हणजे दोन मेसेजचा खर्च. धंद्याचे एसएमएस इतकी वर्षं रोमन लिपीतल्या मराठीत का येत राहिले, याचं एक कारण हे आहे. व्यापाऱ्याला मराठीचं वावडं नव्हतं, हिशेब परवडत नव्हता.

या क्षेत्रातलं सुरुवातीचं मोठं ओपन सोर्स काम म्हणजे कॅनेल. १९९९ च्या सुमारास फिनलंडमधल्या वॅपिट या कंपनीने हा गेटवे, म्हणजे कॉम्प्युटरवरून मोबाईल नेटवर्कवर मेसेज सोडणारा दुवा, खुला केला. ऑपरेटरच्या एसएमएस सेंटरशी एसएमपीपी प्रोटोकॉलने, म्हणजे त्यासाठी ठरलेल्या पद्धतीने, बोलायचं, नाहीतर सिमकार्ड घातलेला जीएसएम मोडेम कॉम्प्युटरला जोडायचा. कॅनेल दोन्ही करायचं. लिनक्सवर सोर्स कोड उतरवून स्वतः कंपाइल करायचा, म्हणजे त्याचा चालता प्रोग्राम बनवायचा. किचकट होतं, पण सिम आपलं, मशीन आपलं आणि कोडही आपल्या हातात.

भारतात ते फार टिकलं नाही. सप्टेंबर २०११ मध्ये ट्रायने (दूरसंचार नियामक प्राधिकरणाने) एका सिमवरून दिवसाला १०० एसएमएसची मर्यादा घातली, पुढे ती २०० केली. नको असलेल्या जाहिरातींनी लोक वैतागले होते, त्यामुळे नियम चुकीचा म्हणता येणार नाही. पण मोडेमवरून शेकडो ग्राहकांना कळवणं तिथेच आटोपलं. २०१८ च्या नियमावलीने डीएलटी ही नोंदणीची व्यवस्था आणली: पाठवणाऱ्याचं नाव नोंदवा, मजकुराचा नमुनाही आधी नोंदवा. ८ मार्च २०२१ रोजी त्याची कडक तपासणी सुरू झाली आणि देशभर बँकांचे ओटीपीसुद्धा अडकले. ट्रायला ती आठवडाभरासाठी थांबवावी लागली.

तोवर गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर गेलं होतं. तिथे सुरुवातीला धंद्यासाठी अधिकृत रस्ताच नव्हता. हौशी प्रोग्रामरांनी प्रोटोकॉल उलगडून पायथन आणि पीएचपीत लायब्रऱ्या लिहिल्या. फेब्रुवारी २०१४ मध्ये व्हॉट्सॲपने गिटहबला (कोड ठेवण्याच्या वेबसाइटला) नोटिसा पाठवून त्यांतल्या बऱ्याच उतरवायला लावल्या. त्याच महिन्यात फेसबुकने व्हॉट्सॲप १९ अब्ज डॉलरना घेत असल्याचं जाहीर केलं. अनधिकृत लायब्रऱ्या आजही आहेत, क्यूआर स्कॅन केला की चालतात. मात्र नंबर कधी बंद होईल याचा नेम नाही, आणि दुकानाच्या पाटीवर छापलेला नंबर असा पणाला लावणं मला तरी शहाणपणाचं वाटत नाही.

अधिकृत बिझनेस एपीआय, म्हणजे आपल्या सॉफ्टवेअरने व्हॉट्सॲपशी बोलण्याचा रस्ता, ऑगस्ट २०१८ मध्ये आला, तोही मधल्या कंपन्यांमार्फत. डॉकर या साधनाचे कंटेनर आणि डेटाबेस आपल्याच सर्व्हरवर सांभाळायचा, म्हणजे छोट्या ऑफिसाच्या आवाक्याबाहेरचं काम. मे २०२२ मध्ये क्लाउड एपीआय सगळ्यांना खुला झाला आणि चित्र पालटलं. सर्व्हर मेटाचा (फेसबुक कंपनीचं आताचं नाव), आपण फक्त विनंती पाठवायची. ती पाठवणं सोपं करणाऱ्या नोड, पायथन, पीएचपीतल्या लायब्रऱ्या भराभर आल्या, बऱ्याचशा एमआयटी परवान्याच्या, म्हणजे फुकट वापरायला मोकळ्या. एनपीएम किंवा पिप या लायब्ररी उतरवणाऱ्या साधनांची एक ओळ लिहिली की इन्स्टॉल.

मालकांच्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळतं. लायब्ररी फुकट आहे, दार दुसऱ्याचं आहे. ग्राहकाने मेसेज केल्यापासून २४ तास मोकळं बोलता येतं. एरवी आधी मंजूर झालेला टेम्प्लेट, म्हणजे मजकुराचा नमुनाच जातो. फेब्रुवारी २०२२ पासून आकारणी संभाषणावर होती, १ जुलै २०२५ पासून टेम्प्लेट मेसेजवर आली. लायब्ररीचा परवाना यात काहीच बदलू शकत नाही.

कोडला हातभार लावण्याची गोष्ट मात्र आपल्या हातातली आहे. हॅक्टोबरफेस्ट या ओपन सोर्सला हातभार लावण्याच्या मोहिमेत २०२० मध्ये टी-शर्टसाठी ‘रीडमी’ या माहितीच्या फाइलीत एखादा शब्द घुसडून पाठवलेल्या पुल रिक्वेस्टांचा (बदल सामावून घेण्याच्या विनंत्यांचा) इतका पूर आला की आयोजकांना नियम बदलावे लागले. तसल्या हातभाराने मेंटेनर, म्हणजे लायब्ररी सांभाळणारे, फक्त वैतागतात. उपयोगी काम कुठे असतं, ते पाहा. मेटाकडून वेबहूकवर, म्हणजे आपल्या सर्व्हरच्या ठरवून दिलेल्या पत्त्यावर, येणाऱ्या मेसेजसोबत एक डिजिटल सही असते. ती आलेल्या मूळ बाइटवरच पडताळायची. त्या बाइटमध्ये देवनागरी अक्षरं युनिकोडच्या आकड्यांच्या रूपात असतात. लायब्ररीने आधी जेसन (मेसेज ज्या मांडणीत येतो ती) उलगडून पुन्हा बांधलं, तर ते आकडे बदलू शकतात: ‘हॅलो’ रोमनमध्ये असताना सही जुळूही शकते, पण शेतकऱ्याने ‘पट्टी मिळाली नाही’ लिहिलं की मेसेज बनावट ठरवून फेकला जातो. परदेशात बसलेल्या मेंटेनरच्या चाचण्या इंग्रजीत असतील तर त्याला हे दिसणारच नाही. मार्केट यार्डासाठी काम करणाऱ्या पोराला पहिल्याच दिवशी दिसेल. आधी इश्यू (तक्रारीची नोंद) उघडून तो मजकूर जसाच्या तसा द्यायचा, मग फोर्क करून (कोडची आपली प्रत काढून) त्याच मजकुराची अयशस्वी होणारी चाचणी लिहायची, आणि दुरुस्ती त्यानंतर.

इन्स्टॉल करण्यापूर्वी रिपॉझिटरीतल्या, म्हणजे कोड ठेवलेल्या जागेतल्या, शेवटच्या बदलांच्या तारखा जरूर बघाव्यात. मेटाने स्वतः काढलेला नोडचा एसडीके (तयार लायब्ररी) सुद्धा पुढे वाऱ्यावर सोडला गेला. डॉकरवाला जुना एपीआय ऑक्टोबर २०२५ मध्ये कायमचा बंद झाला. त्याच्यावर बेतलेल्या लायब्रऱ्या अजून एका ओळीत इन्स्टॉल होतात, फक्त मेसेज कुठेच जात नाही.