तुडतुड्याची हाक देठातून जाते

रातकिडा पाय घासून आवाज काढतो, हे अजूनही सर्रास सांगितलं जातं. तो घासतो पुढचे पंख. पाय पंखावर घासणारा तो नाकतोडा. पण कानावर पडणारं हे गाणं कीटकांच्या संवादाचा छोटा भाग आहे. एका अंदाजानुसार जवळपास दोन लाख जाती पान, देठ किंवा जमीन थरथरवून निरोप धाडतात.

हवा का नको? 200 हर्ट्झच्या आवाजाची हवेतली तरंगलांबी सुमारे 1.7 मीटर. चार-पाच मिलिमीटरच्या तुडतुड्याने, म्हणजे झाडाचा रस शोषणाऱ्या उड्या मारणाऱ्या किड्याने, पोट हलवलं तर हवा दाबली न जाता अंगाभोवतीच सरकते. तोच जोर पायांतून देठात उतरला की देठ लवतो आणि ती लाट मीटरभर सहज जाते.

खरी गंमत पुढे आहे. हवेत सगळे सूर एकाच वेगाने धावतात, देठात नाही. बारीक, एकसारख्या देठात लवणाऱ्या लाटेचा वेग वारंवारतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो: वारंवारता चौपट, तर वेग दुप्पट. त्यामुळे छोटी टिचकीसुद्धा लांब पोहोचेपर्यंत ताणली जाते; आधी उंच सूर, मागून खालचे. हे अपस्करण. शिवाय शेंड्यावरून आणि बुंध्याकडून लाटा परततात, मूळ लाटांत मिसळतात आणि काही जागी कंप जवळपास विझतो. म्हणजे जवळ गेल्यावर हाक मोठीच जाणवेल याचा भरवसा नाही. पिकांवरच्या हिरव्या ढेकणाचा नर म्हणूनच फाट्यावर थांबतो, दोन फांद्यांवर पाय पसरतो आणि मादीची साधारण 100 हर्ट्झची हाक गुडघ्याखालच्या संवेदी अवयवांनी टिपतो. कुठल्या पायाला कंप आधी लागला, त्यावरून वाट ठरते.

देठातली हाक ऐकायची असेल तर पिझो चकती (कंपाचा विजेचा संकेत करणारी पातळ चकती) देठाला हलक्या चिमट्याने लावून ॲम्प्लिफायरला जोडावी. कोवळ्या देठावर जड चकती लावली तर तिच्या वजनानेच कंप दबतो. वारा खालचे सूर बुडवतो, आणि 50 हर्ट्झची अखंड गुणगुण ऐकू आली तर ती विजेच्या तारांची.

डास पळवणारी मोबाइल ॲप मात्र विसरा. अशा आवाजी साधनांचा चाचण्यांत उपयोग दिसलेला नाही.

इटलीतल्या द्राक्षबागांत वेगळा, अभ्यासावर उभा असलेला उपाय तपासला गेला. तिथल्या एका तुडतुड्याचे नर प्रतिस्पर्ध्याच्या हाकेवर स्वतःचा गोंगाट लादतात. तोच गोंगाट कंपक (थरथर निर्माण करणारं यंत्र) लावून वेलींच्या आधारतारेत सोडला, की मिलन घटतं. मात्र कंपकापासून जितकं लांब जावं तितका कंप क्षीण होतो, आणि ठरावीक मर्यादेखाली गेला की जोड्या पुन्हा जमतात.